प्रश्न तुमचे: युनियनची निवडणूक हरलो, तक्रार कुठे करू?

प्रश्न: आमच्या गोदाम कामगारांच्या लोकलच्या (युनियनच्या स्थानिक शाखेच्या) निवडणुकीत अध्यक्षपदासाठी मी ३८ मतांनी पडलो. समोरच्या पॅनलची पत्रके युनियन ऑफिसच्या कॉपियरवर छापली गेली आणि युनियनच्या पगारी पदाधिकाऱ्यांनी ती ड्यूटीच्या वेळेत वाटली. माझे पत्रक मात्र सभासदांना टपालाने पाठवायला ऑफिसने नकार दिला. कारण सांगितले, मजकूर बदनामीकारक आहे. थेट कोर्टात जाऊ का?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: नाही. मतदान झाल्यावर उमेदवाराला स्वतः दावा लावता येत नाही. युनियनच्या अंतर्गत निवडणुकांना लागू असलेल्या १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्यानुसार निवडणूक रद्द करण्याचा दावा फक्त अमेरिकेचे कामगार खाते लावते, आणि त्या दारापर्यंत जायचा रस्ता तुमच्या युनियनमधूनच जातो. पत्रकाच्या टपालाची गोष्ट तेवढी वेगळी होती. उमेदवाराने खर्च दिला तर पत्रक पाठवणे युनियनला बंधनकारक आहे आणि मजकुरावर कात्री चालवण्याचा तिला अधिकार नाही, टीका कितीही झोंबरी असो. हा नकार मिळाला त्याच आठवड्यात मतदानाआधी तुम्हाला फेडरल कोर्टात जाता आले असते. ती वेळ गेली असली तरी मुद्दा मेलेला नाही, तक्रारीत तो घालाच.

आधी लोकलची आणि मुख्य युनियनची अशा दोन्ही घटना (नियमावल्या) काढून आक्षेपाची मुदत पाहा. ती बहुधा मोजक्या दिवसांची असते. आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या. माहीत असलेला प्रत्येक मुद्दा त्यात लिहा, क्षुल्लक वाटला तरी. पोलाद कामगारांच्या एका लोकलच्या खटल्यात १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. सभासदाने युनियनकडे कार्यालयाच्या गैरवापराची तक्रार केली होती, पण उमेदवारीसाठी सभांना हजेरीची जी जाचक अट होती तिच्याबद्दल तो काही बोलला नव्हता. पुढे खात्याला ती अट दाव्यात घेता आली नाही.

मग मुदतीचे गणित. युनियनने अंतिम निर्णय दिला तर त्यानंतर एका कॅलेंडर महिन्यात खात्याच्या ‘ऑफिस ऑफ लेबर-मॅनेजमेंट स्टँडर्ड्स’कडे तक्रार पोहोचली पाहिजे. आक्षेप घेऊन तीन महिने झाले आणि निर्णयच नाही, तर त्यापुढच्या एका महिन्यात जाता येते. म्हणजे २० मार्चला आक्षेप दिला असेल आणि २० जूनपर्यंत उत्तर आले नसेल, तर २० जुलैच्या आत. ‘वरच्या कमिटीत बघतो’ या तोंडी आश्वासनावर बसून राहिलेल्यांच्या तक्रारी इथेच बुडतात. तक्रार दाखल झाल्यापासून ६० दिवसांत खात्याने दावा लावायचा असतो. ही मुदत संमतीने वाढवूनही घेतात. दावा न लावण्याचे ठरले तर खात्याला कारणे लेखी द्यावी लागतात.

आता खरी अडचण. नियम मोडला एवढे पुरत नाही. त्याने निकालावर परिणाम झाला असू शकतो, असेही दिसावे लागते. तुमचा फरक ३८. कॉपियरवरची पत्रके एका पाळीतल्या १५ जणांना मिळाली असतील तर तेवढ्यावर तुमची बाजू लंगडी आहे. तीन पाळ्यांत मिळून ४०० जणांच्या हातात पडली असतील तर चित्र पालटते. अमुक माणसाने त्यामुळेच मत फिरवले, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. पत्रकाची मूळ प्रत, तारीख, पाळी, वाटणाऱ्याचे नाव, त्या वेळी तो पगारी ड्यूटीवर होता याची नोंद आणि अंदाजे किती जणांना मिळाले, हे आजच लिहून ठेवा. मतपत्रिका वर्षभर जपणे युनियनवर बंधनकारक आहे. फरक प्रत्येक पदाचा वेगळा धरतात, त्यामुळे अध्यक्षपदाची फेरनिवडणूक होऊन खजिनदार तसाच राहू शकतो. कोर्टाने फेरनिवडणूक लावली तर ती खात्याच्या देखरेखीखाली होते. तोवर निवडून आलेले लोकच कारभार पाहतात, हे कडू असले तरी धरून चाला.

सगळ्यांत गाजलेले उदाहरण खाण कामगारांचे. १९६९ च्या निवडणुकीत युनियनचा पैसा आणि तिचे मुखपत्र अध्यक्ष टोनी बॉइल यांच्यासाठी राबले. त्यांचे प्रतिस्पर्धी जोसेफ याब्लोन्स्की यांचा निकालानंतर तीन आठवड्यांत खून झाला. कोर्टाने ती निवडणूक १९७२ मध्ये रद्द केली आणि फेरमतदानात आर्नल्ड मिलर निवडून आले.

प्रश्न: माझ्या मित्राचा छापखाना आहे. आमच्या युनियनशी त्याचा काही संबंध नाही. प्रचाराची पत्रके त्याने फुकट छापून दिली तर चालेल?
(एक वाचक, जर्सी सिटी)

उत्तर: चालणार नाही. लँड्रम-ग्रिफिन कायद्यातली बंदी कुठल्याही मालकाच्या पैशावर आहे. तो तुमचा मालक असण्याची गरज नाही. मित्राकडे नोकर असतील तर तो मालकच. इतर गिऱ्हाइकांना लावतो तोच दर लावून बिल घ्या, स्वतःच्या खात्यातून चेक द्या, दोन्हीची प्रत ठेवा. नाहीतर तुम्ही जिंकाल आणि हरलेला उमेदवार हेच हत्यार तुमच्यावर उगारेल. तुमची युनियन फक्त राज्य किंवा नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची असेल तर हा फेडरल कायदा तिला लागू नाही.

प्रश्न: पुण्यात आमच्या कारखान्याच्या युनियनमध्ये असाच वाद आहे. रजिस्ट्रारची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयात जायचे, असे जुने कार्यकर्ते सांगतात. बरोबर आहे का?
(एक वाचक, चाकण)

उत्तर: ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातील महाराष्ट्राच्या दुरुस्तीबद्दल बोलत आहेत. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. तिच्या कलम २२ नुसार पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद सभासदाला न्यायाधिकरणाकडे नेता येतो, तोही युनियनचे नोंदणीकृत कार्यालय ज्या हद्दीत आहे तिथल्या. दिवाणी कोर्टाचे दार बंद आहे. प्रचार कसा करावा याचे अमेरिकेसारखे तपशीलवार नियम आपल्या कायद्यात नाहीत. तुमचा आधार म्हणजे युनियनची नोंदवलेली घटना. तिची सही-शिक्क्याची प्रत आधी मिळवा आणि कोणते कलम मोडले ते अर्जात आकड्यासह लिहा.