‘गोल करून उत्तर दे’ असं त्याला सांगू नका

*ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातले, पावरा आदिवासी. मी जळगावात स्टाफ नर्स आहे, मिस्टर एसटीत आहेत. मुलगा १२ वर्षांचा, क्लबात फुटबॉल खेळतो, लेफ्ट विंगला. मागच्या महिन्यात भुसावळला मॅच होती. याच्याकडे बॉल आला की समोरच्या टीमचे काही पालक ओरडायचे, ‘ए भिल्ल्या, तीरकमठा घे आणि जा डोंगरात!’ त्यांची पोरं माकडासारखे आवाज काढत होती. कोच म्हणाले, खेळात असं चालतंच, तू गोल करून उत्तर दे. तेव्हापासून आमच्याच टीममधला एक मुलगा त्याला ‘काळ्या’ म्हणतो आणि बाकीचे हसतात. मिस्टर म्हणतात, आपण भाड्याच्या घरात राहतो, वाद नको. मुलगा आता मैदानावर आजीचा फोन उचलत नाही, कारण तिच्याशी पावरीत बोलावं लागतं. परवा मला म्हणाला, ‘आई, मॅचला आलीस तर माझ्याशी मराठीतच बोल.’ मी काय करू? – एक आई, जळगाव*

ताई, तुमच्या पत्रातल्या शिव्यांपेक्षा मला त्या फोनचं जास्त लागलं. मोठ्यांनी काही केलं नाही म्हणून १२ वर्षांच्या पोराने स्वतःच मार्ग काढला. भाषा झाकली, आजी झाकली, आता आईलाही थोडं झाकायला बघतोय. कोचने प्रश्न त्याच्याच पायात टाकला, वडिलांनी गप्प बसायला सांगितलं. मग त्याने दुसरं काय करावं? हा प्रश्न मोठ्यांनी तयार केलेला आहे आणि तो मोठ्यांनीच सोडवायचा आहे. आधी त्याच्या खांद्यावरून तो उतरवा. बाकी सगळं त्यानंतर.

‘गोल करून उत्तर दे’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, मला ठाऊक आहे. तरी ते घरात पुन्हा येऊ देऊ नका. मान मिळवायचा असेल तर आधी गोल कर, असा त्याचा अर्थ मुलाच्या मनात बसतो. मग ज्या दिवशी गोल होणार नाही, त्या दिवशी काय? आणि गोल केल्याने तोंडं बंद होतात, हेही खरं नाही. वंदना कटारिया आठवतात ना? टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३१ जुलै २०२१ ला त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. त्यानंतर चारच दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला, तर हरिद्वारजवळच्या त्यांच्या घरासमोर फटाके फोडून घरच्यांना जातीवरून शिवीगाळ झाली, अशी तक्रार कुटुंबाला पोलिसात द्यावी लागली. त्याच वर्षी ११ जुलैला युरो कपच्या फायनलमध्ये इंग्लंडच्या बुकायो साकाची पेनल्टी हुकली. पोरगा १९ वर्षांचा. त्याला आणि रॅशफर्ड, सँचो या त्याच्या साथीदारांना रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की साऱ्या जगाने पाहिलं. तुमच्या मुलाला खराब खेळायचाही हक्क आहे. वाईट पास दिला तर कोचने पासवरून बोलावं, आईबापाच्या जमातीवरून कुणीच बोलू नये.

आता त्याच्याशी बोलायचं कसं? समोर बसवून चौकशी करू नका, तो ‘काही नाही’ म्हणून उठून जाईल. तुम्ही स्वयंपाक करताना तो ओट्याशी घुटमळत असेल, किंवा गाडीवर मागे बसलेला असेल, तेव्हा विषय काढा. या वयाची मुलं नजर नसली की जास्त बोलतात. ‘कोण काय म्हणालं, ते मला जसंच्या तसं सांग’ एवढंच म्हणा आणि मग मध्ये बोलू नका. रडला तर रडू द्या. ‘मनावर घेऊ नको’ म्हणू नका, कारण त्याने ते घेतलेलंच आहे. शेवटी विचारा, मी काय करावं असं तुला वाटतं? तो बहुधा म्हणेल, काहीच नको करू. पोरांना शिवीपेक्षा आईने मैदानावर तमाशा केला तर काय, याची भीती जास्त असते. तेव्हा त्याला सरळ सांगा, की मी कोचशी बोलणार आहे, पण मुलांसमोर बोलणार नाही आणि बोलण्याआधी तुला सांगेन. गप्प राहण्याचं वचन मात्र देऊ नका.

तुमच्या मिस्टरांना भित्रं समजू नका, असं मी तुम्हाला मुद्दाम सांगते. शहरात घर शोधताना आडनाव विचारून दारं कशी लागतात, हे त्यांनी अंगावर झेललं असणार. गप्प राहून त्यांनी आजवर घर टिकवलं आहे. त्यांना एवढंच विचारा, की वाद टाळून आपण पोराला काय शिकवतोय? तो आजीचा फोन उचलत नाही, हे त्यांना माहीत आहे का? वडिलांच्या आईची गोष्ट आहे, मला वाटतं ती त्यांना तुमच्याआधी कळेल. कोचकडे जाल तेव्हा दोघं मिळून जा.

कोचला भेटायचं ते प्रॅक्टिस नसताना, शांतपणे. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळीच नको. जाण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा: तारीख, कोणती मॅच, साधारण कधी, नेमके शब्द, ऐकणारे कोण. ‘खेळात असं चालतंच’ हे कोचने पुन्हा म्हटलं तर त्यांना खेळाचाच नियम दाखवा. फुटबॉलच्या बाराव्या नियमात अपमानास्पद किंवा शिवीगाळीची भाषा वापरणाऱ्या खेळाडूला थेट रेड कार्ड आहे. बाहेरून त्रास होत असेल तर सामना थांबवण्याचा, अगदी रद्द करण्याचाही अधिकार रेफरीकडे आहे. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, तर वंशद्वेषासाठी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत: आधी खेळ थांबवून सूचना, तरी चालू राहिलं तर खेळाडूंना मैदानाबाहेर नेणं, तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. मे २०२४ मध्ये बँकॉकच्या फिफा काँग्रेसमध्ये एक खूणही ठरली. खेळाडूने दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरून दाखवली की रेफरीने समजायचं, वंशद्वेषी शिवीगाळ चालू आहे. भुसावळच्या छोट्या पोरांच्या मॅचला फिफाचं कुणी येणार नाही, कबूल. पण ही खूण आपल्या टीमला शिकवायला कोणाची परवानगी लागते?

कोचकडे मागणी अगदी नेमकी ठेवा. शिवी ऐकू आली की कॅप्टन रेफरीकडे जाईल, तुमचा मुलगा नाही. कोच दुसऱ्या कोचकडे जाईल. रेफरीने दुर्लक्ष केलं तर कोच अख्ख्या टीमला लाइनवर बोलावेल. २०१३ मध्ये इटलीत प्रेक्षकांच्या वंशद्वेषी शिव्यांमुळे केविन-प्रिन्स बोटेंग मैदान सोडून निघाला, तेव्हा एसी मिलानची सगळी टीम त्याच्यामागे चालू लागली. एकटा गेला असता तर लोकांनी त्यालाच चिडका ठरवलं असतं. तुमच्या पोऱ्याला तसे दहा जण मागे हवेत, आणि ते उभे करणं हे कोचचं काम आहे.

‘काळ्या’ म्हणणाऱ्या टीममधल्या मुलाचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. परक्या मैदानावरचे लोक परत भेटणार नाहीत, हा मुलगा रोज संध्याकाळी भेटतो. त्याच्या आईला एकटीला भेटा. ‘तुमचा मुलगा वाईट आहे’ असं न म्हणता काय घडलं ते सांगा आणि तुमचा मुलगा हल्ली काय काय लपवतो तेही सांगा. बहुतेक आया हे ऐकून गप्प होतात आणि घरी जाऊन मुलाशी बोलतात. काही जणी म्हणतील, अहो, गंमत असते पोरांची. तेव्हा म्हणा, माझा मुलगा हसत नाही, मग ती गंमत कोणाची?

हे वाचणाऱ्या इतर आईबापांनाही सांगते. जळगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोज दोन तास खेळणारं कुठलंही पोर काळवंडतंच. तरी ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हे आपण लेकीला म्हणतो, स्थळ बघताना ‘मुलगी गोरी आहे ना?’ विचारतो, आणि कोणी अडाण्यासारखं वागलं की ‘भिलाटीतून आलाय का’ म्हणतो. पोरांनी हे शब्द मैदानावर शोधून काढलेले नाहीत. ते जेवणाच्या ताटावर ऐकलेले आहेत. भुसावळला जे ओरडत होते ते तर बापेच होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि न ओरडलेल्या पालकांनी त्या दिवशी एवढं जरी म्हटलं असतं की भाऊ, पोरगं आहे ते, बस कर, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता कायद्याचं. तुमच्या मनात ॲट्रॉसिटीचा विचार आला असणारच. १९८९ च्या त्या कायद्यात, बोलणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि त्याने लोकांसमक्ष जमातीच्या नावाने शिवीगाळ केली किंवा अपमान करण्याच्या हेतूने हिणवलं, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पावरा आहेत. मैदान ही लोकांसमक्षचीच जागा. म्हणजे ओरडणाऱ्या मोठ्या माणसांबाबत तुमच्याकडे खरा मार्ग आहे, आणि तो वापरायला लाजायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर आधी लेखी तक्रार क्लब आणि स्पर्धेच्या आयोजकांकडे करा, मग जिल्हा फुटबॉल संघटना, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे राज्याची फुटबॉल संघटना. शालेय स्पर्धेत घडलं तर जिल्हा क्रीडा अधिकारी. तीच माणसं पुन्हा तसंच वागली किंवा धमकी दिली, तर मात्र पोलीस ठाणं. केस करायची नसेल तर नुसती धमकीही देऊ नका, त्याने तुमचाच शब्द हलका होतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात तुम्हाला वकील मोफत मिळतो. तुम्ही अनुसूचित जमातीच्या आहात आणि महिला आहात, त्यामुळे उत्पन्नाची अटही नाही. शिवी देणारं पोर १२-१३ वर्षांचं असेल तर मी त्याला पोलिसांपर्यंत नेणार नाही. त्याला शिकवणारं कोणी मिळालं तर ते सुधारेल. आणि कुणाकडे व्हिडिओ असेल तर जपून ठेवा, ग्रुपवर टाकू नका. त्यात दोन्हीकडची मुलं दिसतात.

वेळ लागतो, हे धरून चाला. मे २०२३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या मैदानात विनिसियस या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला वंशद्वेषी शिव्या देणाऱ्या तिघांना आठ महिन्यांची शिक्षा व्हायला जून २०२४ उजाडला. तो रिअल माद्रिदचा स्टार, कॅमेरे सगळीकडे, तरीही वर्षभर.

राहिला भाषेचा प्रश्न. ‘माझ्याशी मराठीतच बोल’ म्हणाला तर सध्या मैदानावर त्याचं ऐका. तुमच्या लढाईसाठी त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. पण घरात पावरी सोडू नका, उलट वाढवा. आजीला फोन तुम्ही लावा आणि त्याच्या हातात द्या. होळीला गावी न्याच. काठी गावच्या होळीत रात्रभर ढोल ऐकलेल्या पोराला आपण कोण आहोत हे समजावून सांगावं लागत नाही. जयपालसिंह मुंडांबद्दल त्याला सांगा. १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे ते कर्णधार. पुढे संविधान सभेत ते आदिवासी म्हणून, आदिवासींसाठी ताठ बोलले. आणि सातपुड्यात इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक तर भिल्लच.

मॅचच्या आदल्या रात्री पोटात दुखणं, झोप उडणं, घासून घासून तोंड धुणं, गोरं व्हायची क्रीम मागणं, असं काही दिसलं तर थांबू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे. तुम्ही नर्स आहात, सिव्हिलमधल्या समुपदेशकापर्यंत पोचणं तुम्हाला जड नाही. आणि क्लबाने महिनाभरात काहीच केलं नाही, तर क्लब बदला. फुटबॉल सोडायचा नाही, ती माणसं सोडायची.

क्लबाला पत्र असं लिहा: ‘अमुक तारखेच्या सामन्यात आमच्या मुलाला त्याच्या जमातीवरून आणि रंगावरून शिवीगाळ झाली. शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं सोबत जोडली आहेत. त्यानंतर आपल्या संघातही असे शब्द वापरले जात आहेत. पुढच्या सामन्याआधी सर्व पालकांची बैठक घ्यावी, असा प्रकार घडल्यास कोच आणि कॅप्टनने काय करायचं हे लेखी ठरवावं, आणि आयोजकांकडे क्लबाच्या नावाने तक्रार पाठवावी.’ खाली दोघांच्या सह्या. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिहा. जिल्हा संघटनेला पाठवायचं पत्र आपण मिळून तयार करू.