वडिलांच्या सेवेची बिलं आली की

प्रिय,

तेरावा उरकत नाही तोच केअरटेकर ब्युरो, वृद्धाश्रम आणि औषधांचं दुकान असे तिघे थकबाकी मागू लागले, असं तू लिहिलंस. फोनवर कुणालाही 'देऊ हो' म्हणू नकोस, आणि व्हॉट्सॅपवर तर मुळीच लिहू नकोस. अशा थकबाकीसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपण्याआधी लेखी कबुली दिलीस, तर पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

प्रवेशाचा फॉर्म मागव आणि तुझी सही कोणत्या रकान्यात आहे ते बघ. नुसती 'नातेवाईक' म्हणून असेल, तर ते देणं वडिलांच्या मालमत्तेपुरतं. 'बिल भरण्यास जबाबदार' किंवा हमीदार म्हणून असेल, तर तो तुझा स्वतःचा करार, आणि वसुली तुझ्या पगारापर्यंत येऊ शकते. बापाचं कर्ज मुलानं फेडायचंच, हे धर्मकर्तव्य म्हणून ठीक. पण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर होणाऱ्या कर्जासाठी कोर्ट तेवढ्यावर मुलाला धरत नाही.

खरी गफलत हिशेबात होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 52 वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच जबाबदार धरतं. पण ती मालमत्ता कुठे गेली हे दाखवता आलं नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या खिशातून वसूल होऊ शकते. म्हणून वडिलांचं एटीएम कार्ड आजपासून बंद. बँकेला मृत्यूचा दाखला दे, आणि त्यांच्या पैशांतला प्रत्येक खर्च तारीख-पावतीसह वेगळ्या वहीत लिही. नॉमिनी म्हणून खात्यातले पैसे तुझ्या हाती आले, तरी देणेकऱ्यांचा, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांचा, हक्क संपत नाही.

पैसे कमी पडणार असतील तर क्रम पाळ. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधला क्रम (कलम 320 ते 323) मृत्युपत्राच्या व्यवस्थापकासाठी किंवा कोर्टानं नेमलेल्या प्रशासकासाठी आहे, पण असं कुणी नसलं तरी त्यानुसार चाललेलं बरं. आधी वाजवी अंत्यखर्च, शेवटच्या आजारपणातली डॉक्टरांची फी आणि मृत्यूपूर्वीच्या एक महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च. मग प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) वगैरेचा कोर्टखर्च. त्यानंतर घरकाम करणाऱ्यांची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी, म्हणजे तुम्ही थेट ठेवलेल्या मावशींचा पगार. ब्युरोचं कमिशन यात बसेल असं समजू नकोस. बाकी देणेकऱ्यांना समप्रमाणात. कायद्याचं सोड, मावशींचे पैसे आधी देणं मला योग्यच वाटतं. गहाण घरावरचं बँकेचं कर्ज मात्र त्या घराला चिकटलेलं असतं, ते वेगळं धर.

ब्युरोकडून करारनामा आणि हजेरीपत्रक माग. वडील दवाखान्यात असतानाही 24 तासांचा दर लावलाय का, बारा तासांची पाळी पूर्ण दिवस धरलीय का, हे तपास. वृद्धाश्रमाची अनामत आधी वजा करायला लाव. भावंडांपैकी कुणी 'मी सगळं केलं' म्हणून रक्कम मागितली, तर उसने दिल्याचा पुरावा लागतो. तो नसेल तर आपसांत ठरवा, कोर्टात ते टिकणं अवघड.

तडजोड झाली की रक्कम वडिलांच्या मालमत्तेतूनच चेकनं दे आणि 'पूर्ण व अंतिम' अशी सही-शिक्क्याची पावती घे. वाटण्या त्यानंतर. घाई असलीच, तर वादातल्या बिलांएवढी रक्कम बाजूला काढून उरलेलं वाटा.