आंब्याच्या खोडावरचं दगडफूल, औषध मारू नका

प्रश्न: हापूसच्या खोडावर राखाडी-हिरवट पापुद्रे आलेत, कडा वर वळलेल्या. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, कॉपरचा (तांब्याच्या बुरशीनाशकाचा) डबल डोस मारा. मारू का? आणि हे मसाल्यातलं दगडफूलच ना, काढून विकता येईल का?

उत्तर: दादा, नाही मारायचं. दर पावसाळ्यानंतर हाच फोटो येतो आणि सोबत दुकानातलं बिल, तोवर निम्म्या जणांनी फवारलेलं पण असतं.

हा रोगच नाही, हे लायकेन आहे, मसाल्यातलं दगडफूल याच गटातलं. यात बुरशी आहे हे खरं, पण तिच्या पोटात शैवाल राहतं, ते उन्हात अन्न बनवतं आणि दोघं त्यावर जगतात, तुमच्या झाडातलं काही घेत नाहीत. नखाने एक पापुद्रा उचलून बघा, खालून काळा, बारीक केसांनी नुसता सालीला धरलेला, आणि सालीच्या आत हिरवं जिवंत. बांडगूळ फांदीत मूळ घालून रस ओढतं, तसं हे नाही.

मसाल्यातलं मुख्य दगडफूल म्हणजे पार्मोट्रीमा पर्लाटम, कुळ पार्मेलिएसी. नाव दगडाचं, पण सालीवरही वाढतं, त्याला थंड दमट डोंगराळ हवा मानवते, कडेला पिठासारखी पूड असते तीच वाऱ्यापावसाने उडून पुढे रुजते. बागेतला प्रत्येक करडा पापुद्रा तेच असेल असं नाही, साधे डोळे फसतात. आणि फवारलेल्या बागेतलं तर विकू नका, घरच्या मसाल्यातही नको. याला मुळं नाहीत, पाऊस आणि हवेतून येईल ते सगळं अंगात साठवतं, तुमचं कीटकनाशक पण.

आता डोस. मोरचूद असो की कॉपर ऑक्सिक्लोराईड, यासाठी सिंगलही नाही, डबल तर नाहीच नाही, आणि मोहोरावर डबल कॉपर गेलं तर मोहोर करपून बसाल. दुकानदाराला बाटली विकायची असते, झाड तुमचं जातं. तारेच्या ब्रशने घासू पण नका, साल सोलते आणि खरा रोग आत शिरतो.

गुलाबी रोग मात्र वेगळा. फांदीवर गुलाबीसर थर, साल तडकते, पुढचा शेंडा सुकतो, तिथे रोगट भागाच्या खाली, निरोगी भागापर्यंत कापून 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा. यात उशीर नको.

पापुद्रे एकदम वाढले तर झाडाकडे बघा. पालवी कमी, फांद्या उघड्या, ऊन थेट खोडावर, म्हणून ते पसरतात. बऱ्याच बागांत मागे कल्टारचा (मोहोरासाठी मुळाशी घालतात ते वाढ रोखणारं औषध) ओव्हरडोस निघतो, तोही कोणीतरी सांगितलेला. दोन वर्षं कल्टार बंद ठेवा, शेणखत घाला, वाळक्या फांद्या काढा, जुनी बाग असेल तर पुनरुज्जीवनाची छाटणी करा, मी सगळ्यांना हेच सांगतो. जुन्या बागेच्या पुनरुज्जीवनाला फलोत्पादन अभियानातून अनुदान असतं, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.

दुकानातून आणलेली बाटली अजून उघडली नसेल तर आजच परत करा.