चेसिस नंबर स्वतः वाचल्याशिवाय इसार देऊ नये

प्रश्न : कागल तालुक्यातील एका परिचितांकडून मी १९९३ मध्ये नोंदणी झालेली यामाहा आरएक्स १०० विकत घेण्याच्या विचारात आहे. गाडी एमएच ०९ पासिंगची असून आरसी बुक मूळ आहे. नोंदणीचे नूतनीकरण २०२३ मध्ये झाले आहे. आरसीवरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळतो. परंतु चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर मात्र शोधूनही सापडला नाही. गेल्या वर्षी मालकांनी चेसिसला पावडर कोटिंग (भुकटी मारून भट्टीत पक्का केलेला रंग) करून घेतले आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन जुळतंय ना, मग झालं, चेसिसवर तोच नंबर पंच करून देतो.’ मी काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मिस्त्रींचा सल्ला सर्वप्रथम बाजूला ठेवावा. आरसीवरचा नंबर खरा असला, तरी तो खासगीरीत्या चेसिसवर ठोकून घेणे म्हणजे वाहनाच्या ओळखचिन्हाशी छेडछाड करणे होय. पुढे कधी तपासणी झाली, तर हा नंबर सद्हेतूने ठोकला होता हे सिद्ध करणे आपल्याला जवळजवळ अशक्य होईल. शिवाय, इंजिन नंबर जुळला म्हणून गाडीची ओळख पटली, असे होत नाही. इंजिन चार बोल्ट काढले की एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते, आणि आरएक्स १०० च्या बाबतीत तर अशी अदलाबदल फारच सर्रास झालेली आहे. वाहनाची ओळख चेसिसशी बांधलेली असते. म्हणूनच नोंदणीच्या अर्जासोबत चेसिस नंबराचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा, मागण्याची पद्धत पडली.

आता नंबर कोठे पाहावा. बहुतेक मोटारसायकलींत तो हँडलखालच्या जाड नळीवर, म्हणजे ज्या नळीत कोनसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग) बसतो आणि जिच्यातून पुढच्या फोर्कचा दांडा जातो तिच्यावर, सहसा गाडीवर बसल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या बाजूस ठोकलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवले की ही बाजू मोकळी होते. काही उत्पादकांनी तो डाव्या बाजूसही ठोकलेला आढळतो, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि वायरिंगचा जुडगा नेमका याच जागेवरून जात असल्याने नंबर झाकला जातो, आणि तीस वर्षांचे ग्रीस व धूळ मिळून त्यावर काळा लेप बसतो. केबल हाताने बाजूला धरून, गरज पडल्यास टाकीचा मागचा बोल्ट सोडून ती थोडी मागे सरकवून पाहावे. नळीवर रिव्हेट मारलेली पत्र्याची पट्टी असेल, तर तिच्यावरचा मजकूर पुरावा मानू नये. रिव्हेट काढून पट्टी बदलता येते.

आपल्या गाडीचे नूतनीकरण २०२३ मध्ये झाले, ही जमेची बाजू आहे. नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हा हिशेब धरला तर २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ असे टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर वाहन निरीक्षकासमोर उभे करावे लागते. २०२३ मध्ये नंबर वाचता आला असेल आणि पावडर कोटिंग त्यानंतरचे असेल, तर नंबर नाहीसा झालेला नसून रंगाखाली गेला आहे, असा तर्क करणे रास्त आहे. मालकांकडे त्या वेळचे कागद किंवा रंगापूर्वीचा फोटो आहे का, हे आधी विचारावे. शिवाजी उद्यमनगरात किंवा अन्यत्र ज्यांच्याकडे काम झाले, त्यांनाही विचारता येईल : पावडर मारण्यापूर्वी नंबरावर टेप लावली होती की सरळ सँडब्लास्टिंग करून भट्टीत टाकले? जाणकार कारागीर ती जागा झाकून घेतो. घाईत काम उरकणारा घेत नाही.

रंग काढण्यासाठी मालकांची संमती घ्यावी आणि ते स्वतः हजर असताना काम करावे. साध्या ऑइलपेंटचा थर पेंट रिमूव्हरने लवकर सुटतो. पावडर कोटिंग चिवट असते. रिमूव्हर लावून, थोडा वेळ ठेवून, प्लास्टिकच्या पातीने खरवडून, पुन्हा लावावे लागते. हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. नंतर रॉकेलमध्ये बुडवलेले वेस्ट (सुती धाग्यांचा बोळा) आणि नायलॉनचा ब्रश एवढे पुरे. ग्राइंडर, पॉलिश पेपर व तारेचा ब्रश यांना त्या जागी पूर्ण मज्जाव करावा, कारण नंबराभोवती नव्याने उमटलेले ओरखडे पाहून पुढचा निरीक्षक नेमकी तीच शंका घेईल जी आज आपल्याला आली आहे. पंचाने ठोकलेली अक्षरे पावडरच्या थरापेक्षा साधारणपणे खोल असतात, त्यामुळे रंगाखाली नंबर शाबूत राहतो. मात्र मूळ ठोकाच उथळ असेल किंवा मध्ये पुट्टी भरली असेल, तर संयम ठेवावा लागतो.

नंबर उघडा पडल्यावर त्यावर पांढरा खडू आडवा घासून वरची भुकटी पुसून टाकावी; खोलगट भागात खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूने, नळीला जवळजवळ लागून टाकावा. त्यानंतर पातळ कागद ताणून धरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. हा प्रिंट आणि फोटो, दोन्ही जपून ठेवावेत. गोंधळ ठरलेला असतो : इंग्रजी आकड्यांतले ३ आणि ८, ५ आणि एस, शून्य आणि ओ, एक आणि आय. नंबर आधी चेसिसवरून कागदावर उतरवावा आणि मगच आरसी उघडावी, असा माझा आग्रह आहे. आरसी हातात धरून वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर नसलेले आकडेही दिसू लागतात.

वाचलेला नंबर अस्सल आहे का, हा पुढचा प्रश्न. अक्षरांची उंची आणि वळण एकसारखे आहे का, हे पाहावे. जुन्या काळी हाताने ठोकलेल्या नंबरात ओळ थोडी वरखाली असणे स्वाभाविक आहे, परंतु एखाद-दुसऱ्या आकड्याचा घाटच वेगळा असेल, त्याच्याखाली नळी चपटी किंवा पातळ झालेली असेल, अथवा आजूबाजूला वेल्डिंगची पुसट कड दिसत असेल, तर व्यवहार थांबवावा. अनेक उत्पादक नंबराच्या दोन्ही टोकांना ताऱ्यासारखी खूण ठोकतात, जेणेकरून मागेपुढे आकडा वाढवता येऊ नये. पंच बसताना खालचे पोलादही दबलेले असते. त्यामुळे घासून काढलेला नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लयुक्त द्रावणाने पुष्कळदा परत उमटवता येतो. चोरट्यांना हे बहुधा ठाऊक नसते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली कारवाई होऊ शकते, म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर चेसिस व इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या नोंदीत आहेत का, हेही तपासून घ्यावे.

सर्व प्रयत्नांनंतरही नंबर निघालाच नाही, किंवा गंजाने खाल्लेला आढळला, तर दुरुस्तीचा अर्ज नोंदणीकृत मालकाने आरटीओकडे करावयाचा आहे, आपण नव्हे. हा निकाल लागेपर्यंत इसारही देऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गाळात राहिलेल्या गाड्या आपल्याकडे अजूनही विक्रीला येतात, आणि हँडलखालच्या नळीत व तिच्या जोडांत शिरलेला तो गाळ चेसिस आतून खातो. तेव्हा नंबर पाहतानाच तेथील जोड टिचकी मारून तपासण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझ्या १९८८ च्या मोटारसायकलीचा चेसिस नंबर सतरा अक्षरांपेक्षा बराच लहान आहे. नवीन सुरक्षित नंबर प्लेटसाठी नोंद करताना अडचण येईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सतरा अक्षरी नंबर पुढच्या काळातले आहेत. त्यांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत आणि सुरुवातीची तीन अक्षरे उत्पादक दाखवतात. उदाहरणार्थ, बजाजसाठी एमडी२, तर रॉयल एनफील्डसाठी एमई३. १९८८ च्या गाडीला उत्पादकाने स्वतःच्या पद्धतीने दिलेला लहान नंबर असणे योग्यच आहे, आणि त्यात ओ किंवा आय आढळले तरी बिचकू नये. नंबर प्लेटची नोंद करताना चेसिस व इंजिन नंबराचे शेवटचे काही आकडे विचारले जातात आणि ते वाहननोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीतील नोंदीशी ताडले जातात. हस्तलिखित आरसीवरून संगणकात नोंद घेताना आकडा चुकलेला असणे किंवा गाडीची नोंदच चढलेली नसणे, या दोन्ही गोष्टी घडतात. दोन्ही प्रसंगी मूळ आरसी, पेन्सिल प्रिंट आणि अर्ज घेऊन आरटीओ कार्यालयात गाडी दाखवावी. आपल्याजवळच्या नंबरापुढे शून्ये जोडून तो सतरा अक्षरी करण्याचा खटाटोप मात्र करू नये.