शंकूपेशीत जनुक ‘नसते’ की ‘अव्यक्त’ असते?

निपाणीहून मराठी माध्यमात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे: डोळ्याच्या दृष्टिपटलातल्या शलाका (अंधुक उजेडात पाहणाऱ्या) आणि शंकू (दिवसा व रंग पाहणाऱ्या) या पेशींबद्दल मुलांना सांगताना, जनुकावरून प्रथिन घडण्याला जनुकाची ‘अभिव्यक्ती’ म्हणावे की जनुकाचा ‘आविष्कार’? अभिव्यक्ती म्हणजे मनातले बोलून दाखवणे, मग जनुकाला मन कुठले?

अभिव्यक्ती म्हणा. आविष्कार हा शब्द पुण्यामुंबईकडे चालून जाईल, सीमाभागात नाही. आपली मुले मराठीबरोबर कन्नड आणि हिंदी शिकतात, आणि त्या दोन्ही भाषांत आविष्कार म्हणजे नवा शोध. रोडॉप्सिन म्हणजे शलाकेतले प्रकाश टिपणारे रंगद्रव्य; ‘रोडॉप्सिनच्या जनुकाचा आविष्कार’ असे फळ्यावर लिहिले की खानापूरचे पोर विचारणारच, शोध लावला कुणी? अभिव्यक्ती मात्र कन्नडमध्येही अभिव्यक्तीच आहे. मनातले बोलणे हा अर्थ सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथे कुणी अडत नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच वाक्याची. ‘शंकूपेशीत रोडॉप्सिनचे जनुक नसते’ हे वाक्य व्याख्यानांत, मार्गदर्शकांत, मुलांच्या वह्यांत सतत भेटते, आणि ते साफ चूक आहे. माणसाच्या एका डोळ्यात शलाका सुमारे ९ ते १२ कोटी आणि शंकू ४५ ते ६० लाख. या सगळ्या पेशींत डीएनए तोच. तिसऱ्या गुणसूत्रावरचे रोडॉप्सिनचे जनुक शंकूतही आहे, यकृतातही आहे, पायाच्या अंगठ्याच्या कातडीतही आहे. फरक एवढाच की शलाकेत त्याची आरएनए प्रत निघते, तिच्यावरून ऑप्सिन हे प्रथिन घडते, त्याला ‘अ’ जीवनसत्त्वापासून आलेले रेटिनल जोडले जाते आणि रोडॉप्सिन तयार होते. शंकूत ती प्रतच निघत नाही.

प्रत कुठे काढायची हे काही नियामक प्रथिने ठरवतात. त्यांपैकी सीआरएक्स दोन्ही प्रकारच्या पेशींत काम करते. एनआरएल असले की पेशी शलाका होते, आणि एनआर२ई३ त्या शलाकेतली शंकूची जनुके दाबून धरते. २००१ साली उंदरातले एनआरएल काढून टाकले तेव्हा शलाका झाल्याच नाहीत, त्या जागी निळ्या-अतिनील प्रकाशाला दाद देणाऱ्या शंकूंसारख्या पेशी तयार झाल्या. म्हणजे शंकूची जनुके तिथे मुळापासून होती. माणसात एनआर२ई३ बिघडले तर लहानपणापासून रातांधळेपणा येतो आणि निळ्याला दाद देणारे शंकू प्रमाणाबाहेर वाढतात. शंकूंतल्या तांबड्या आणि हिरव्या ऑप्सिनची जनुके तर एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसली आहेत. त्यांच्या आधी एक सामाईक नियंत्रक पट्टा आहे, तो एका शंकूत दोहोंपैकी एकालाच हात देतो. पट्टाच गळाला तर दोन्ही जनुके धड असूनही मुकी राहतात. ‘नसते’ म्हणणाऱ्यांनी हे कसे समजावून सांगायचे?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा शब्द मला जिवापाड आवडतो. अभिव्यक्ती म्हणजे अभि + वि + अञ्ज्. अञ्ज् हा संस्कृत धातू, म्हणजे माखणे, चोपडणे, आणि त्यावरून उजळ करणे, दिसेल असे करणे. याच धातूचे डोळ्यांतले अंजन! दृष्टिपटलातल्या पेशींचे काम सांगायला आपण जो शब्द वापरतो त्याच्या मुळाशीच डोळ्याचे औषध बसले आहे. तैलाक्त, घृताक्त यांतला ‘अक्त’ तोच, आणि व्यक्त म्हणजे वि + अक्त. जेवणाची चव उघड करणारे व्यंजन तेच, दिवाळीचा अभ्यंगही तोच. ‘अभ्यंग’मध्ये संस्कृतातच ञ्जचा ङ्ग झाला आणि धातू झाकला गेला, पण आपल्याकडे त्याच नहाणाला कन्नड शेजारी ‘अभ्यंजन’ म्हणतात, तिथे तो उघडा दिसतो. बेळगावात राहणाऱ्याला ही व्युत्पत्ती कोशाशिवाय कानावर पडते.

याच धातूकडे मी रांजणवाडीही नेतो. पापणीच्या कडेला येणारी ही पुळी रांजणासारखी फुगते म्हणून रांजणवाडी, असे छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढ्या पुळीला रांजण कोण म्हणेल? सुश्रुतसंहितेत पापणीच्या रोगांत ‘अंजननामिका’ आहे, हिंदीत हीच पुळी अंजनहारी, गुजरातीत आंजणी. आजूबाजूला सगळीकडे अंजन असताना मराठीनेच पाण्याचा रांजण का आणावा? माझे मत असे की मूळ शब्दात अंजनच होते, आणि ओळखीच्या रांजणाच्या ओढीने त्याला पुढे ‘र’ चिकटला. ‘र’चा लेखी पुरावा मागणाऱ्यांनी रांजणाचाही तसाच पुरावा दाखवावा, नुसता आकार दाखवू नये.

तर बाई, वर्गात असे सांगा: रोडॉप्सिनचे जनुक शलाकेत व्यक्त होते, शंकूत अव्यक्त राहते. सांख्य तत्त्वज्ञानातली मूळ प्रकृती अव्यक्त आहे म्हणजे ती नाही असे कुणी म्हणत नाही. आणि प्रत्येक रातांधळेपणाला ‘अभिव्यक्ती होत नाही’ हे लेबल लावू नका. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर जनुक व्यक्त होते, ऑप्सिनही घडते, फक्त रेटिनल मिळत नाही. तो रातांधळेपणा वेळेवर उपचार केले तर बरा होतो. रोडॉप्सिनच्या अमिनो आम्लांच्या साखळीत २३ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन हे आम्ल बसले तर अभिव्यक्ती झालेलीच असते, पण प्रथिनाची घडी चुकते आणि शलाका मरत जातात. पुढे शंकूही मरतात, त्यांच्यात ते जनुक कधी व्यक्त झालेले नसताना. याचे एक कारण असे की शंकूंना जगवणारे एक प्रथिन शलाका बाहेर सोडत असतात, आणि त्या गेल्या की तेही थांबते. हा दोष असलेल्या घरात ‘रात्रीचे दिसत नाही’ एवढ्यावर सुरू झालेली तक्रार पुढे दिवसाच्या नजरेवर येते. म्हणून मुलाला दिवेलागणीला ठेच लागू लागली की घरच्यांनी त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे, शब्दाचा वाद नंतर.