बँक ऑफ इंग्लंडची खिडक्या नसलेली भिंत

प्रश्न : लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने खालच्या अंगाला खिडक्या का नाहीत? ही इमारत मूळचीच आहे का?

उत्तर : १६९४ मध्ये स्थापन झालेली ही बँक १७३४ मध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवरील स्वतःच्या वास्तूत आली. १७८० मध्ये लंडनमध्ये उसळलेल्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत जमाव बँकेवर चालून आला, तेव्हा शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावरून हल्ला होऊ शकतो हे ध्यानात येऊन ते चर्चच पुढे पाडण्यात आले. १७८८ पासून पंचेचाळीस वर्षे बँकेचे वास्तुकार असलेल्या जॉन सोन यांनी सुरक्षिततेसाठी सगळ्या आवाराला खिडक्याविरहित भिंत घातली आणि दालनांत उजेड वरून, छतातल्या काचेच्या झरोक्यांतून आणला. छताचा भार हलका राहावा आणि आगीची भीती टळावी म्हणून त्यांनी कमानींत भाजक्या मातीच्या पोकळ कुंड्या बसवल्या. ही युक्ती मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाची वाटते.

दुर्दैवाने १९२५ ते १९३९ या काळात, दिल्लीच्या जुन्या संसद भवनाच्या रचनेत वाटा असलेल्या हर्बर्ट बेकर यांनी नवी उंच इमारत उभारताना सोन यांची जवळजवळ सर्व दालने पाडली. त्या जागी आज दिसते ती बेकर यांचीच इमारत. बाहेरची भिंत मात्र बऱ्याच अंशी सोन यांची आहे. बँकेच्या संग्रहालयात त्यांचे एक दालन १९८८ मध्ये पुन्हा बांधले असून, वरून झिरपणारा तो उजेड तिथे अनुभवता येतो.