नऊ वर्षांचा अनुभव आहे, परवाना नाही

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडला राहतो. एका पेस्ट कंट्रोल कंपनीत नऊ वर्षं टेक्निशियन होतो. मागच्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. हाताखाली दोन मुलं आहेत. शॉप अॅक्टची नोंदणी केली आहे. एका सोसायटीचं वाळवीचं काम केलं, त्याचे ४२ हजार रुपये अडकलेत. नवे सेक्रेटरी म्हणतात, "कृषी खात्याचं लायसन्स दाखवा. नसेल तर पैसे विसरा, वर पोलिसात देऊ." मी बी. ए. आहे. जुने मालक म्हणतात, कामामागे वीस टक्के दे आणि माझ्या लायसन्सवर बिलं काढ. औषध सोसायटीनेच आणून दिलं होतं, मी फक्त मजुरी घेतली. तरी लायसन्स लागतं का? माझ्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? पत्नी केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाली आहे, पण ती घरीच असते.

उत्तर : लायसन्स लागतं. औषध कुणी आणलं यावर ते ठरत नाही. कीटकनाशके अधिनियम, १९६८ च्या कलम १३ मध्ये कीटकनाशक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांबरोबर व्यावसायिक कीड नियंत्रण करणाऱ्यांनाही परवान्याखाली आणलं आहे. याच कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांतली या कामाची व्याख्याही रुंद आहे : घर असो, सार्वजनिक जागा असो की जमीन, धंदा म्हणून केलेली फवारणी आणि धुरी त्यात येते. खासगी वापर तेवढा वगळला आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या भिंतीत ड्रिल मारून औषध सोडणं हा खासगी वापर नाही, मग त्याला मजुरी म्हणा नाहीतर कंत्राट.

तुमच्या धंद्यातली बरीच मंडळी कलम ३८ चा दाखला देतात. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही, असं ते कलम सांगतं. पण ती सूट घरमालकाची आहे. त्याने स्वतः स्वयंपाकघरात झुरळांवर फवारा मारला तर त्याला कुणी विचारणार नाही. तेच काम तुम्ही पैसे घेऊन केलंत, तर ती सूट तुम्हाला मिळत नाही. शॉप अॅक्टची नोंदणी तुमच्या आस्थापनेची आहे. कीटकनाशक हाताळायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आता पोलिसांची भीती. या कायद्याखालचा खटला राज्य सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय चालवता येत नाही, असं कलम ३१ म्हणतं. त्यामुळे सेक्रेटरींनी अर्ज दिला म्हणून उद्या तुम्हाला या कायद्याखाली कोर्टात उभं करता येणार नाही. पण या दिलाशावर धंदा चालू ठेवू नका. कायदा मोडल्याबद्दल कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. आणि कुणाला विषबाधा झाली, तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात : विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणाला २८६, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १०६. तिथे या संमतीचा अडसर नाही.

४२ हजारांबद्दल स्पष्ट सांगते. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा उद्देशाचा करार रद्दबातल असतो. दावा लावलात तर सोसायटीचा वकील पहिल्याच तारखेला परवाना मागेल. म्हणून वकिलाची नोटीस पाठवू नका. काम झालं आहे आणि मागच्या समितीने सांगून करून घेतलं आहे. अध्यक्षांना भेटा, निदान साहित्याचा आणि मुलांच्या मजुरीचा खर्च मागा. जे मिळेल ते पावती देऊन घ्या.

जुन्या मालकांचा प्रस्ताव मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. काम तुमचं आणि बिल त्यांचं, म्हणजे कागदच खोटा. उद्या काही घडलं तर ते म्हणतील, हा माणूस आमचा नाही. हाच प्रस्ताव सरळ मार्गाने होऊ शकतो. नियमांतल्या 'ऑपरेटर'च्या व्याख्येत, ज्या फर्मच्या नियंत्रणाखाली माणसं काम करतात ती फर्मही येते. तेव्हा त्यांनी तुम्हाला आणि दोन्ही मुलांना खरोखर कामावर घ्यावं, औषध त्यांचं, देखरेख त्यांच्या तज्ज्ञाची, जबाबदारीही त्यांची. हे लेखी द्यायला ते तयार असतील, तर परवाना मिळेपर्यंत घर चालवायचा तो मार्ग आहे. तयार नसतील, तर वीस टक्के ते कशाचे मागतात हे तुमच्या लक्षात येईल.

अनुभवाचं तुम्ही लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. नऊ वर्षांत तुम्ही जे शिकलात ते अनेक पदवीधरांना येणार नाही. तरी नियम पदवीच मागतो : कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषय असलेली विज्ञान पदवी, आणि वर किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ते म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, हापूडच्या धान्य साठवणूक संस्थेत किंवा हैदराबादच्या वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्थेत होतं. हैदराबादची संस्था आता एनआयपीएचएम या नावाने ओळखली जाते.

पण पत्नीच्या पदवीचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, आणि उत्तर मला तिथेच दिसतं. त्यांची इच्छा असेल, आणि हे आधी त्यांना विचारा, तर प्रशिक्षण त्यांनी घ्यावं आणि परवान्याचा अर्ज त्यांच्या नावाने व्हावा. भागीदारी फर्म करायची असेल, तर अर्ज कसा भरायचा हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. मात्र त्या नावापुरत्या मालकीण नकोत. कुठलं औषध, किती प्रमाणात, कुठल्या घरात, तिथे तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण आहे का, हे त्यांनी ठरवायचं आणि नोंदवायचं. नाहीतर जुन्या मालकांचाच खेळ घरात सुरू होईल. तुमचा हात आणि त्यांचा अभ्यास एकत्र आला, तर मला तो धंदा उभा राहिलेला बघायला आवडेल.

तुमच्या दोन मुलांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. नियम ३७ ते ४२ त्यांच्यासाठी आहेत : कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, हातमोजे, गॉगल, बूट, श्वसनासाठी योग्य मास्क, प्रथमोपचाराची तयारी, सुरक्षिततेचं प्रशिक्षण. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले. तिथे उघडं रान होतं. तुमची मुलं बंद खोलीत आणि कपाटाच्या मागे वाकून काम करतात. हा खर्च परवाना येईपर्यंत थांबवू नका. ती जुन्या मालकांकडे कामाला लागली, तर हे सगळं तिथे मिळतं की नाही ते बघा.

कपाटातला साठाही तपासा. झुरळांसाठी वर्षानुवर्षं वापरलेलं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. जुनी बाटली उरली असेल तर तिला हात लावू नका. आणि ढेकणांसाठी कुणी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मागितल्या, तर नाही म्हणा. त्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या घरात जातो, आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच साध्या परवान्यावरही ही धुरी करता येत नाही. त्यासाठी सरकारी तज्ज्ञाची किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्यता दिलेल्या तज्ज्ञाची देखरेख लागते. तुमच्याकडे अशा गोळ्या असतील तर डबा उघडू नका, पाण्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. घराबाहेर, कोरड्या आणि हवेशीर जागी कुलपात ठेवा आणि ज्याच्याकडून घेतल्या त्याला आजच फोन करून परत न्यायला सांगा.